खडकोबाला बोललेलं करडू

"हलू नगंस," काकू म्हणाली. "हाललास की गेलास."

मी हललो नाही. टायफॉईडनं मला आधीच इतकं आज्ञाधारक करून ठेवलं होतं की, हलायचं झालं असतं तर त्यासाठी बाहेरून माणसं बोलवावी लागली असती. डोळे मिटून, श्वाससुद्धा जपून घेत मी पडून राहिलो. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तेव्हा कळलं, काकू माझ्याशी बोलतच नव्हती. चुलीच्या अलीकडं मी होतो, पलीकडं गोणपाटात गुंडाळलेलं एक करडू होतं आणि मधे काकू. तिची पाठ माझ्याकडं होती. करडाचे खांदे दाबून धरून ती त्याला कोरडं करत होती.

माणदेशातल्या आमच्या वस्तीवरची ही गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात एका छापखान्यात खिळे जुळवायचो. ताप उतरेना, तेव्हा आप्पा मला न्यायला आले. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. डॉक्टरांनी त्यांच्याजवळ गोळ्या दिल्या आणि 'आता घरी न्या' असंही सांगितलं. हे दुसरं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून आप्पांनी एसटीतच कुठल्या पाव्हण्यांना निरोप धाडायचे ते ठरवायला घेतलं. ते जरा मोठ्यानं ठरवत होते. मी शेजारच्याच सीटवर होतो. आटपाडीच्या मावशीला वगळलेलं मला आवडलं नाही, पण बोलायची ताकद नव्हती.

आईबाप मला आठवत नाहीत. थोरले चुलते वारल्यावर काकूनं मला वाढवलं. आप्पांनी लग्न केलं नाही, शेरडं पाळली. घर म्हणजे एवढंच: काकू, आप्पा, मी सुट्टीला आलो तर मी, आणि अंगणात शेरडं. दोन खोल्यांतली चुलीची खोली उबदार, म्हणून घरात जे कोणी मरायला टेकलेलं असेल त्याची सोय तिथं व्हायची. त्या पौषात आम्ही दोघं होतो.

करडू चंद्रीचं होतं. चंद्रीला तिळं झालं आणि शेळीला सडं दोनच. पहिली दोन करडं जन्मल्याबरोबर धडपडत उभी राहिली आणि सडाला लागली. हे तिसरं. आईनं त्याला चाटलंसुद्धा नाही. एकदा हुंगलं आणि ती तोंड फिरवून कडबा खायला लागली. काकूनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून त्याला झुलवलं, ते शिंकलं, तेव्हा पदराखाली घालून आत आणलं.

काकूची रीत ठरलेली होती. अशक्त करडाला आधी दूध नाही, आधी ऊब. त्याच्या तोंडात करंगळी घालून बघायचं. तोंड आतून गार असेल तर दुधाचा थेंबही द्यायचा नाही, गारठलेल्या पोटात ते नुसतं साकळतं. तोंड कोमट झालं की मग चंद्रीचा चीक, बोंडल्यानं, थेंब थेंब. बोंडलं म्हणजे तान्ह्या मुलांना दूध पाजायचं चोचीचं भांडं. आमच्याकडचं ते पितळी बोंडलं माझ्याच लहानपणचं होतं. त्या दिवसांत त्यातून करडाला चीक मिळे आणि मला पेज. मधे काकू ते धूत असे, असं मी धरून चालतो.

एका सकाळी माझी शुद्ध गेली. म्हणजे घरच्यांना तसं वाटलं. मला सगळं ऐकू येत होतं. फक्त उत्तर द्यावं असं कुणी काही बोलत नव्हतं. करडूही त्या दिवशी मान टाकून पडलं होतं. काकू एकदा इकडं वळे, एकदा तिकडं. मग आप्पा आत आले. टोपी काढली, आणि ज्या दिशेला वस्तीच्या देवाचं, खडकोबाचं टेक आहे त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले,

"खडकोबा, ह्यो राहू दे. त्ये घे."

ह्यो म्हणताना त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि त्ये म्हणताना करडाकडं. खोली लहान होती आणि आप्पांचं बोट थरथरत होतं. देवाचा घोटाळा होऊ नये एवढंच मला त्या क्षणी वाटलं.

काकूचा हात थांबला. "मला इचारलंत का?"

"तुम्हांला काय इचारायचं, वैनी? त्ये मरायलाच टेकलंय."

"दोघंबी टेकल्यात, भावजी."

"म्हणून तर," आप्पा म्हणाले आणि टोपी घालून बाहेर गेले.

त्यांच्या हिशेबात चूक एवढीच होती, की खडकोबाला मेलेलं चालत नाही, आणि मरतुकडंही चालत नाही. दुपारी भैरू गुरव आला आणि त्यानं हे समजावून सांगितलं. भैरू गुरव म्हणजे खडकोबाचा पुजारी. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडं न बघता गळ्याकडं बघायचा. त्यानं हळदीत बुडवलेला एक दोरा आणला होता. अर्धा करडाच्या गळ्यात बांधला, अर्धा माझ्या मनगटात.

"आता दोगं एका दोरीत आला," तो म्हणाला. "बोकड वाढवायचा. फुडच्या चैताच्या जत्रंला टेकावर न्यायचा. देवानं पत्करला तर पोरगं सुटलं."

"आन् न्हाई पत्करला तर?" काकूनं विचारलं.

"तर देव दोऱ्याचं दुसरं टोक बघतो. मागं शेंडग्यांच्या पोरीचं..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. भैरू गुरव कधीच वाक्य पुरं करत नसे, त्यामुळं त्याचं भाकीत कधी चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं.

"आन् त्याआधीच करडू मेलं तर?"

गुरवानं माझ्या गळ्याकडं बघितलं आणि चहा मागितला.

त्या दिवसापासून वस्तीवरची माणसं मला बघायला यायला लागली. म्हणजे येत मला बघायला आणि बघत करडाला. त्यानं बोंडलं घेतलं का, लेंडी कशी आहे, कान ताठ आहेत की पडलेत, अशी चौकशी करून, मान हलवून जात. माझ्याकडं बघायची गरजच उरली नव्हती. एका म्हातारीनं तर करडाला हगवण लागलेली ऐकली आणि परस्पर माझ्या काकूचं सांत्वन करून गेली. खरी गंमत अशी, की त्या दिवशी मलाही लागली होती.

गंमत म्हणतो ती आता. तेव्हा मी पडल्यापडल्या त्या गोणपाटाच्या गाठोड्याकडं बघत असायचो. ते हललं की मला बरं वाटायचं. हललं नाही की मी काकूला हाक मारायचो. काकू करंगळी त्याच्या तोंडात घालायची आणि सांगायची, "कोमट हाय. झोप." कुठल्याही वैद्यानं मला कधी इतका नेमका धीर दिलेला नाही.

मग चंद्रीची दुसरी दोन करडं गेली. धडधाकट, उड्या मारणारी, सडाला ढुशा देऊन दूध ओढणारी. एका दुपारी भरल्या पोटानं पहिलं आडवं झालं आणि संपलं. दुसऱ्याला आप्पांनी लगेच वेगळं बांधलं, तर ते बांधल्या जागी गेलं. शेजारीपाजारी म्हणाले, अंगावरचं दूध जास्त झालं की होतं असं. पण ते आवाज खाली करून असंही म्हणाले, की खडकोबानं आपल्या वाट्याच्या आजूबाजूचं झाडून काढलं. आता चंद्रीची दोन्ही सडं मोकळी होती आणि काकूनं तिला धरून तिसऱ्याला लावलं. चंद्रीनं पाय झाडला नाही. ती नुसती थरथरत उभी राहिली, डोळे मोठे करून, जसं काही पोटाखाली कोण आलंय ते तिला ठाऊक होतं.

करडू सुधारलं. मी सुधारलो. ते चार पावलं चाललं त्याच दिवशी मी भिंतीला धरून दारापर्यंत गेलो. दारात आम्ही समोरासमोर आलो. बाहेर आप्पा होते. त्यांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

माघात गारा पडल्या. करडू अंगणात गारांत सापडलं आणि चिंब भिजून, दात वाजवत आत आलं. मला पुन्हा ताप चढला. काकूनं त्याला गोणपाटात घेतलं, खांदे दाबून धरले. पाठ पुसली, पोट पुसलं, कानांच्या आत बोट घालून पुसलं. "हलू नगंस. हलू नगंस." त्याची थरथर तिच्या हातांत थांबली. माझी रात्रभर थांबली नाही.

तेव्हापासून तिला तो नादच लागला. करडू भिजलं रे भिजलं की धरून पुसायची. भिजलं नाही तर स्वतः भिजवायची. सकाळी तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतायची, खांद्यांवर हात ठेवायची, मग सावकाश कोरडं करून मुठीतले शेंगदाणे द्यायची. मला वाटलं, अशक्त जिवाची काळजी. चार वर्षांच्या पोराला अजून काजळ लावणाऱ्या बाया असतात, तसंच.

उन्हाळ्यात मी सोलापूरला परत गेलो. मनगटात दोरा होताच. छापखान्यातल्या मंडळींनी विचारलं, तर मी सांगितलं, एका बोकडाशी नातं जुळलंय. ते हसले. मीही हसलो. पण गावाकडचं पत्र आलं की मी आधी बोकडाची हकीगत वाचायचो आणि मगच बाकीचं.

दिवाळीला गेलो तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. काळाभोर, मानेवर आयाळीसारखे केस, शिंगं मागं वळलेली, आणि वास असा की, तो वस्तीच्या कोपऱ्यावर आला तरी घरातलं दूध नासेल. तीच ती मान टाकून पडलेली चीज. गुरव येताजाता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. आप्पांनी त्याला दावणीला वेगळी जागा केली होती. त्याच्यापुढं आप्पा मोठ्यानं खोकतसुद्धा नव्हते.

आणि काकू अजून त्याला पुसत होती. मी ओट्यावर बसून बघितलं. तिनं हंड्यातलं गार पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. तो उभा राहिला, मान वळवून तिच्याकडं बघत. आता ती खांदेही दाबत नव्हती. तिनं कमरेचं गोणपाट काढलं आणि सावकाश पुसायला लागली.

"काकू," मी म्हटलं, "एवढा घोड्याएवढा झालाय. आता कशाला पुसतीस?"

"सवय लागलीया."

"तुला?"

"त्येला," ती म्हणाली आणि शेंगदाणे काढायला आत गेली.

मी विचारलं, की चैत्रात न्यायचा आहे हे तुला माहीत आहे ना. एवढा जीव लावू नकोस, असंही म्हणालो. शहाणपणाच्या गोष्टी मी तेव्हा फार बोलत असे. काकू शेंगदाणे मोजत होती की निवडत होती, तिनं मान वर केली नाही. तेवढ्यात आप्पा आले आणि विषय राहिला.

चैत्र आला. मी आदल्या दिवशी पोचलो. सकाळी टेकावर निघालो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. पुढं हलगी, मागं आप्पा नवं मुंडासं बांधून, मग मी आणि बोकड. ज्याच्यासाठी बोललेलं असतं त्यानंच दावं धरायचं आणि दोघांनीही अनवाणी चालायचं, अशी आमच्याकडची रीत. बोकड अनवाणी चालायला सरावलेला होता. काकू बायकांच्यात कुठंतरी मागं होती.

खडकोबा म्हणजे शेंदूर लावलेला एक उभा खडक. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही. लहानपणी मला त्याचं भय वाटायचं नाही. ज्याला डोळे आहेत तो दुसरीकडं तरी बघू शकतो, हे तेव्हा लक्षात आलेलं नव्हतं. खडकासमोर एक काळी फरशी. फरशीच्या एका कडेला बाबालाल मुलाणी बसला होता. जत्रेच्या बोकडांवर सुरी फिरवायचा मान त्याच्या घराण्याकडं होता. भला माणूस. त्यानं मला बघून सलाम केला आणि तब्येत कशी आहे विचारलं. मी म्हटलं, अजून कळायचंय.

आमच्या आधी दोन बोकड झाले. रीत अशी, की बोकडाच्या अंगावर पाणी टाकायचं. त्यानं अंग झाडलं, की देवानं पत्करला. मग हलगी वाजते, माणसं 'झाडलं, झाडलं' म्हणतात आणि बाबालाल पुढं होतो. तीन वेळा पाणी टाकूनही झाडलं नाही, तर देवाला तो नको. हे असं सहसा होत नाही, कारण कुठलंही शहाणं जनावर भिजलं की अंग झाडतंच. देव आणि बोकड यांच्यात त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या मतभेद झालेला नव्हता.

भैरू गुरवानं घागर घेतली. मी दावं घट्ट धरलं. पहिलं पाणी बोकडाच्या पाठीवर पडलं, पोटाखालून ठिबकलं. बोकड उभा राहिला.

"पानी कमी पडलंय जरा," कुणीतरी म्हणालं. "नीट वत."

दुसऱ्यांदा गुरवानं कानांवर ओतलं. कानात पाणी गेलेला बोकड अंग झाडल्याशिवाय राहणं शक्यच नाही. तो राहिला. मान उंच करून, गर्दीत कुणाला तरी शोधत, अंगावरून पाणी निथळत तो शांत उभा राहिला. हलगीवाल्याचा हात वर गेला होता तो तसाच थांबला. माणसं पुढं सरकली. मग मला जाणवलं, ती बोकडाकडं बघत नव्हती. दोऱ्याचं दुसरं टोक बघत होती.

जन्मात मी कुणाचं इतकं आर्जव केलेलं नाही. झाड, बाबा. नुसते कान झाड. शेपटी चालेल. आपण एका बोंडल्यानं वाढलोय, एवढं कर. मी हे मनात म्हणत होतो, पण ओठ हलत असावेत, कारण बाबालालनं मान खाली घातली.

तिसरी घागर गुरवानं डोक्यावर उचलली आणि सगळी ओतली. पाणी बोकडाच्या पाठीवर आदळून उसळलं आणि त्यातला एक फटकारा माझ्या मानेवर बसून सदऱ्यात उतरला. विहिरीचं तळाचं पाणी. ऊन एवढं होतं आणि पाणी एवढं गार, की काय होतंय ते मला कळायच्या आत झालं.

बोकड उभाच होता. अंग मी झाडलं. टाळूपासून टाचेपर्यंत, चांगलं खळखळून.

हलगी वाजली नाही. टेकावर इतकी माणसं होती, पण बोकडाच्या दाढीवरून फरशीवर ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. 'झाडलं' असं एक पोरगं म्हणालं आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

"आता देवानंच..." भैरू गुरव म्हणाला आणि नेहमीप्रमाणं थांबला. ते वाक्य पुरं व्हावं असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं.

"झाडलं की," आप्पा एकदम म्हणाले. "झाडलं. म्या बघितलं. बाबालाल, हो म्होरं."

बाबालाल उठला. दोन पावलं आला. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून काकू बाहेर आली. ती घाईत नव्हती. कमरेला गोणपाट खोचलेलं होतं.

"झाडलं न्हवं?" ती म्हणाली. "मग ज्येनं झाडलं, त्येला धरा."

आप्पांनी बोकडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. ते लगेच दुसरीकडं बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. चांगला माणूस, माझ्यासाठी देवापुढं टोपी काढलेला, पण त्या वेळी त्यांची नजर माझ्या गळ्यावर जरा जास्त वेळ राहिली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. शब्द दिला होता. शब्द पुरा व्हायला हवा होता. आणि देव समोर उभा होता.

बाबालालनं सुरी फडक्यात गुंडाळली.

"माणसाचं काम माझ्याकडं नसतंय, आप्पा," तो हळू म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

मग बोकड चालायला लागला. माझ्या हातातलं दावं केव्हा सुटलं होतं, कळलं नाही. तो गर्दीतून सरळ काकूपुढं जाऊन उभा राहिला, पाठ तिच्याकडं करून. काकूनं कमरेचं गोणपाट काढलं. पाठ पुसली, पोट पुसलं, कानांच्या आत बोट घालून पुसलं. सगळं टेक बघत होतं आणि ती घरच्या अंगणात असल्यासारखी पुसत होती. मूठभर शेंगदाणे त्याला दिले. मग गोणपाटाची कोरडी बाजू काढून ती माझ्याकडं आली आणि माझी मान पुसली. आधी तो, मग मी. माझ्या मनगटातला दोरा तिनं दातांनी तोडला आणि फरशीवर टाकला.

तेव्हा मला कळलं, वर्षभर ती काय करत होती.

उतरताना मी तिच्या शेजारी चालत होतो. बोकड मागं. माणसं आमच्यापासून अंतर ठेवून येत होती.

"आप्पांनी खरंच धरलं असतं तर?" मी विचारलं.

"बाबालाल हुता की. मानूस बरा हाय."

"आणि तो नसता तर?"

उतार संपला तेव्हा ती म्हणाली, "तू बरा झालास त्ये खडकोबानं केलं म्हणं. ह्यो जगला त्येबी त्येनंच. आन् बोंडलं कुणी धरलं हुतं?"

"देव कोपला म्हणजे?"

काकूनं मागं वळून बोकडाचा एक कान अजून ओला होता तो पुसला.

देवाला नको आणि माणसाला खायची छाती नाही, अशा वस्तूचं जे होतं ते बोकडाचं झालं. तो मोकळा सुटला. कुणाच्याही शेतात शिरायचा, कुणाचाही कडबा खायचा, आणि त्याला हाकलायला कुणी काठी उचलत नसे. माझं तितकं चांगलं झालं नाही. वस्तीवर मी गेलो की माणसं प्रेमानं विचारायची, "हाईस का?" आणि उत्तर ऐकून जराशी गोंधळायची.

पण खरं बदलले ते आप्पा. जत्रेनंतर भैरू गुरव त्यांना म्हणाला होता, "बोकडानं न्हाई दिलं, पोरानं न्हाई दिलं. आता बोललेलं तोंड ज्येचं हुतं..." आणि चहा पिऊन गेला होता. आप्पांनी ते वाक्य स्वतःच पुरं केलं. भर वैशाखात ते कढत पाण्यानं आंघोळ करायला लागले. विहिरीवर जाईनात. अंगावर कुणी पाण्याचा हात झटकला तर उठून लांब जात. आषाढात आभाळ भरून आलं की घोंगडी घेऊन आत बसत. काकू म्हणायची, भावजींना वाताचा त्रास आहे. आम्ही तिघंही त्याला वात म्हणत होतो.

भाद्रपदात निरोप आला, आप्पांना थंडीताप आहे, ये. मी एसटीतून फाट्यावर उतरलो तेव्हा परतीच्या पावसानं झोडपायला सुरुवात केली होती. छत्री नव्हती. वाटेत कुठूनसा तो बोकड निघाला आणि माझ्याबरोबर चालू लागला, सोबत असल्यासारखा. त्याच्या गळ्यात अजून अर्धा दोरा होता, मळून काळा झालेला. दुपारीच त्या आभाळानं संध्याकाळ करून टाकली होती. घराशी पोचलो, तर दार उघडं होतं आणि चूल पेटलेली होती.

आप्पा चुलीजवळ होते, जिथं मी होतो त्याच जागी. हुडहुडी भरली होती. नुसती थरथर नव्हे; डोक्यापासून पायांपर्यंत सगळा माणूस खळखळत होता, दात एकमेकांवर आपटत होते, घोंगडी अंगावर ठरत नव्हती. शेजारी ते पितळी बोंडलं, त्यात पेज. काकू त्यांच्या मागं बसली होती. त्यांना छातीशी घेऊन, गोणपाटावरून दोन्ही हातांनी त्यांचे खांदे दाबून धरले होते, सगळा भार टाकून, तिची बोटं पांढरी पडेपर्यंत. ती त्यांच्या कानाशी वाकली होती. टेकाकडच्या त्या भिंतीकडं डोळे ठेवून ती अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी बोलत होती.

"हलू नगा, भावजी. हलू नगा. त्यो बगतोय."

दारात मी आणि बोकड, नखशिखांत भिजलेले, एकमेकांना खेटून उभे होतो. दोघांपैकी कुणीही अंग झाडलं नाही.